नुसतं 'सुमन' लिहून पत्र येईल का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. कराडजवळ एका गावाच्या हद्दीत नवीन प्लॉटिंगमध्ये यांनी बंगला बांधलाय, वास्तुशांत व्हायचीय. आई गेली दोन वर्षांपूर्वी, वडिलांची इच्छा घराला तिचंच नाव द्यायचं, 'सुमन'. आता पत्त्यात नंबर नको, नुसतं घराचं नाव असू दे असं घरात ठरतंय, कारण नंबर एक नाही तीन आहेत, प्लॉट नंबर १७, गट नंबर वेगळा, ग्रामपंचायतीचा घर नंबर आणखी वेगळा, आणि खरा कुठला ते धड कुणी सांगत नाही. त्यात मेहुणे इंग्लंडला असतात, ते म्हणतात आमच्याकडे घराचं नाव आणि पोस्टकोड एवढ्यावर पत्र घरात येतं, तुमच्याकडे का नाही येणार?

मी ३४ वर्षं पोस्टात काढली. पहिली ११ वर्षं सायकलवर बीट केलं, म्हणजे ठरलेल्या भागात घरोघर टपाल वाटली, मग परीक्षा देऊन आत क्लार्क झालो, शेवटी सब पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालो. त्यामुळे पत्त्याचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, ते सांभाळून घ्या.

सरळ उत्तर आधी देतो. येईल. बहुतेक वेळा येईल. आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी नेमकं बँकेचं नाहीतर पासपोर्टचं पाकीट असेल.

आता तुमची खरी अडचण काय आहे ते बघा. नाव की नंबर हा वाद तुमच्याकडे नाहीच. तुमच्याकडे तीन नंबर आहेत आणि त्यातला एकही गेटवर रंगवलेला नाही, आणि एक नाव आहे जे अजून तुमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. म्हणजे शोधणाऱ्या माणसाच्या हातात आज काहीच नाही. हे सुटलं की बाकीचं आपोआप सुटतं.

पत्ता तुम्ही वरून खाली लिहिता, आम्ही तो खालून वर वाचतो. ही एवढी एक गोष्ट समजली तरी पुष्कळ झालं. समजा मुंबईहून तुम्हाला पत्र निघालं. तिथे सॉर्टिंगला जो माणूस आहे तो 'सुमन' वाचतच नाही, त्याची नजर थेट पिनवर. पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन ४१५, की तो आपल्या भागाचा गठ्ठा. लोकांना वाटतं ४१५ म्हणजे सातारा, पण चिपळूण ४१५६०५ आहे, रत्नागिरी ४१५६१२ आहे, इस्लामपूर, विटा तीही ४१५ मध्येच, त्यामुळे चौथा आकडा चुकला की तुमचं पत्र घाट उतरून समुद्र बघून येतं. शेवटचे तीन आकडे डिलिव्हरीच्या ऑफिसचे, कराडला ४१५११०. पुढे त्या ऑफिसात बॅग उघडली की दुसरा माणूस गावाचं नाव वाचतो, कारण एका पिनखाली आसपासच्या खेड्यांतली ब्रँच ऑफिसंही असतात, ती टपाल वेगळी बांधायची. मग टपाल पोस्टमनकडे येते, तो ती 'लावून' घेतो, म्हणजे तो ज्या क्रमाने चालणार त्या क्रमाने, पहिलं घर वर, शेवटचं खाली. इथे कॉलनी, रस्ता, नंबर लागतो. आणि घराचं नाव? ते गेटसमोर सायकलवरून पाय टेकवल्यावर. म्हणजे पत्र इतक्या हातांतून जातं आणि त्यातला घराचं नाव वाचणारा हात एकच, शेवटचा.

तो माणूस रोजचा असला तर प्रश्नच नाही. त्याला तुमचं नावसुद्धा लागत नाही, तुमच्याकडे येणाऱ्या पाकिटाचा रंग बघून तो वळतो. पण तो रजेवर गेला की बदली माणूस येतो, आमच्यात त्याला आउटसायडर म्हणायचे. बहिणीच्या लग्नाला मी एकदा १२ दिवस रजा घेतली होती. परत हजर झालो तर माझ्या टेबलावर सुतळीने बांधलेला एक गठ्ठा, वर चिठ्ठी, 'घरं सापडली नाहीत'. सोडून बघितलं तर विसावा, श्रमसाफल्य, स्वानंद, आनंदी, परत विसावा, खाली नुसतं गावाचं नाव. २३ पत्रं होती. मी ती सगळी एका दुपारी वाटून आलो, कुणालाही काही विचारलं नाही. त्यात त्या पोराची काय चूक, तो बिचारा सांगलीकडचा, त्याला विसावा कुठला हे कोण सांगणार, आणि भर उन्हात प्रत्येक गेटची पाटी वाचत कोण फिरणार. एका पत्रात सत्यनारायणाचं आमंत्रण होतं, पूजा होऊन आठवडा झालेला. त्या बाईंनी मला प्रसाद म्हणून शिऱ्याच्या ऐवजी चहा दिला, आणि बरंच ऐकवलं.

तर नाव हे ओळखीवर चालतं. तुमचा पोस्टमन बदलला, नवीन डिलिव्हरी बॉय आला, रात्री अँब्युलन्स बोलवायची वेळ आली, की ओळख संपते, आणि तिथे क्रमाने येणारा नंबर लागतो. १५ आणि १८ च्या मध्ये १७ असणार हे परक्या माणसालाही कळतं. 'विसावा' आणि 'आशीर्वाद' यांच्या मध्ये 'सुमन' असेल हे देवालाही सांगता यायचं नाही.

दुसरी गोष्ट, नावं रिपीट होतात. आपल्याकडे तर फारच. माझ्या बीटवर एकाच कॉलनीत तीन 'गुरुकृपा' होत्या, दोन 'मातोश्री', आणि एक 'मातोश्री कृपा' जी तिसरीच. त्यातल्या दोन गुरुकृपात पाटील राहायचे, दोघांच्या घरी मुलांची इंग्रजी आद्याक्षरं एसएम. एकाच्या मुलाचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र मी दुसऱ्याच्या घरी टाकलं. हो, मीच, आउटसायडरने नाही. ते कुटुंब देवदर्शनाला गेलेलं, पत्र दारात पडून राहिलं, त्यांनी परत आल्यावर ते लग्नपत्रिकांच्या ढिगात ठेवून दिलं, आणि नंतर कधीतरी वहिनींच्या लक्षात आलं की हा आपला संजय नव्हे. मुलाखत दोन दिवसांवर होती, पोरगा रात्रीच्या एसटीने गेला. नोकरी लागली का म्हणाल तर नाही लागली, पण ती पत्रामुळे नाही असं तो पोरगा स्वतःच म्हणायचा, माझ्या समाधानासाठी म्हणत असेल. त्यानंतर मी त्या तिन्ही घरांना हात जोडून सांगितलं, बाबांनो प्लॉट नंबर लिहायला सांगा सगळ्यांना.

तुमच्या बाबतीत आणखी एक खास घोळ आहे, तो आत्ताच सांगतो. 'सुमन' हे माणसाचं नाव आहे. पाकिटावर वर तुमचं नाव, खाली नुसतं 'सुमन', मग गाव. वाचणाऱ्याला वाटतं सुमन नावाच्या कुणाच्या तरी घरी द्यायचंय, म्हणजे 'द्वारा' राहिलाय. आमच्याकडे 'वसंत' नावाचा बंगला होता. त्यांचं एक रजिस्टर पत्र 'या नावाची व्यक्ती पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत गेलं होतं, कारण बदलीचा माणूस वसंत नावाच्या माणसाला शोधत फिरला, आणि वसंतराव जाऊन सहा वर्षं झालेली, बंगल्याचं नाव त्यांच्याच आठवणीचं. म्हणून आईचं, वडिलांचं, आजीचं नाव घराला दिलं असेल तर पत्त्यात पुढे 'बंगला' किंवा 'निवास' शब्द जोडायचाच. ''सुमन' बंगला' लिहिलं की गोंधळ संपला. 'सुमन निवास' असं पाटीवरच कोरून घेतलंत तर आणखी चांगलं, पण वडिलांना नुसतं सुमनच हवं असेल तर पाटीला हात लावू नका, पत्त्यात तेवढा शब्द जोडा.

आता तीन नंबरांचं. यातच लोक सगळ्यात जास्त अडकतात, आणि नंबर टाळावासा वाटतो तो यामुळेच, मला पूर्ण मान्य आहे.

गट नंबर हा जमिनीचा नंबर. तलाठ्याचा, सात-बाराचा. जमीन शेतीची होती तेव्हापासूनचा तो आहे, त्याला तुमच्या घराची खबरच नाही. एका गटात दीड-दोन एकर जमीन असेल आणि आज त्यावर तीस-चाळीस घरं उभी असतील, सगळ्यांचा गट नंबर एकच. नुसता गट नंबर लिहिलेलं पत्र म्हणजे पोस्टमनला रानात नेऊन उभं करणं. शहरात याच्या जागी सिटी सर्व्हे नंबर असतो, तो जमिनीच्या तुकड्याला पडलेला, रस्त्याने चालताना लागणाऱ्या क्रमाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. खरेदीखतात, कर्जाच्या कागदात तो पाहिजे. पत्रावर त्याचा फारसा उपयोग नाही.

ग्रामपंचायतीचा नंबर हा घरपट्टीचा, नमुना आठमध्ये असतो तो. तो खरं तर घराचाच नंबर, पण घरं जशी नोंदली गेली तसे आकडे पडत गेलेले असतात, त्यामुळे ४१२ च्या शेजारी ९०७ असू शकतो. शिवाय फेरआकारणी झाली की काही ठिकाणी नंबर बदलतात, आणि गाव शहरात गेलं तर सगळंच बदलतं. पुण्याच्या हद्दीत २०१७ ला ११ गावं गेली, २०२१ ला आणखी २३, अशी गावं महापालिकेत गेली की ग्रामपंचायतीचे जुने नंबर मागे पडतात आणि पालिकेचे मिळकत क्रमांक येतात. घराचं नाव तेवढं तेच राहतं. नावाच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा फार मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

राहिला प्लॉट नंबर. तुमचा १७. हा लेआउटच्या नकाशातला, ओळीने पडलेला, १६ च्या नंतर येणारा. पोस्टमनच्या दृष्टीने हाच खरा घर नंबर, सरकारी कागदात त्याची किंमत काही का असेना. अट एकच, कॉलनीचं नाव सोबत पाहिजे, कारण प्लॉट नंबर १७ प्रत्येक प्लॉटिंगमध्ये असतो. तर कुठला नंबर लिहू याचं माझं उत्तर, पत्त्यात प्लॉट नंबर, आणि जिथे पत्त्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती जोडणार असाल तिथे पावतीवर जे आहे ते जसंच्या तसं.

आता मेहुण्यांचं. ते खोटं बोलत नाहीत, पण अर्धं सांगतायत. इंग्लंडच्या एका पोस्टकोडात सरासरी १५ च्या आसपास पत्ते असतात. एवढ्यात नुसतं नाव लिहिलं तरी शोधायला किती वेळ लागणार? आपल्या देशात पिनकोड साधारण १९ हजार, आणि पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर, म्हणजे एका पिनमध्ये हजारो घरं आणि बऱ्याच ठिकाणी पाच-दहा गावं. तुलनाच होत नाही. आणि दुसरं, तिथेसुद्धा ज्या घराला नंबर मिळालेला आहे त्याला नुसतं नाव लावून नंबर गाळता येत नाही, नाव हे नंबराच्या जोडीला येतं. नुसत्या नावाने नोंदलेली घरं म्हणजे ज्यांना नंबर पडलेलाच नाही अशी, ती जास्त करून खेड्यापाड्यात, आणि तिथेही नाव कौन्सिलकडे कळवून नोंदवावं लागतं. आपल्याकडे पोस्टात घराची नावं नोंदवायचं रजिस्टर नाही. आपलं रजिस्टर म्हणजे पोस्टमनचं डोकं. ते दर काही वर्षांनी बदली होऊन दुसऱ्या गावाला जातं.

आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. गावांची तीच तीच नावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारी अक्षरं, या सगळ्यावर तोड म्हणून तो आला. पत्र बरोबर ऑफिसला पोचवणं हे त्याचं काम. ऑफिसपासून तुमच्या गेटपर्यंतचं त्याच्या हातात नाही, ते त्या वरच्या दोन ओळींच्या हातात.

हे सगळं वाचून वाटेल की मी नावाच्या विरुद्ध आहे. तसं नाही हो. सगळं जागेवर अवलंबून आहे. कोकणातल्या एखाद्या गावात नंबर लिहून दाखवा, पोस्टमनच बुचकळ्यात पडेल. तिथे आडनाव आणि वाडी, खालची वाडी, मधली वाडी, तेलीवाडी, एवढ्यावर टपाल थेट माजघरात जाते, कारण ब्रँच ऑफिसचा माणूस त्याच पंचक्रोशीतला असतो, त्याला तुमचे आजोबा माहीत असतात. गोव्यात उलटं, तिथे घर नंबर आणि वाडा दोन्ही लिहायची पद्धत आहे. मुंबईला चाळीचं किंवा बिल्डिंगचं नाव हाच पत्त्याचा कणा, पण त्याच्या आधी खोली नंबर आणि मजला असतोच, म्हणजे नंबर आहेच, तो नावाच्या पोटात आहे. पुण्यात पेठांमध्ये घर नंबर असूनही लोक खाली 'भिकारदास मारुतीजवळ' किंवा 'खुन्या मुरलीधराजवळ' लिहितातच, कारण वाडे पडले, इमारती झाल्या, एका नंबराचे पाच तुकडे झाले आणि देव मात्र जागेवर राहिले. तर तुमची जागा कुठली? नवीन प्लॉटिंग, माणसं सगळी बाहेरून आलेली, शेजाऱ्याला शेजारी माहीत नाही. इथे नुसतं नाव सगळ्यात कमी चालतं. दहा वर्षांनी चालेल कदाचित.

जवळची खूण लिहिताना एक बघा. जी हलणार नाही ती खूण. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, पूल. 'मोबाईल टॉवरजवळ' लिहिणारे खूप, मग टॉवर निघून गेला की सगळ्या गल्लीचा पत्ता पोरका. एकाने तर 'पिवळ्या बंगल्यासमोर' छापून घेतलं होतं व्हिजिटिंग कार्डावर, आणि समोरच्याने दिवाळीला रंग बदलला.

आता 'मु. पो.' चं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही 'मु. पो.' एकत्र लिहिलंय आणि तुमच्या गावात पोस्ट आहे की नाही ते सांगितलेलं नाही. मुक्काम आणि पोस्ट एकच असेल, म्हणजे गावातच पोस्ट ऑफिस असेल, तरच 'मु. पो.' जोडून लिहायचं. पोस्ट शेजारच्या गावाला असेल तर 'मु.' तुमचं गाव, 'पो.' त्या शेजारच्या गावाचं नाव, वेगवेगळं. हे चुकवणारे लोक नंबर चुकवणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि पत्र फिरतं ते याने. गावाच्या हद्दीत असलात तरी डिलिव्हरी कराडच्या ऑफिसमधून होत असेल हेही शक्य आहे, शहराला लागून असलेल्या कॉलन्यांचं असं होतं. तेव्हा शेजारच्यांना विचारण्यापेक्षा पोस्टात जाऊन काउंटरला विचारा, 'या कॉलनीची डिलिव्हरी कुठून होते आणि पिन कुठला?' एक मिनिटाचं काम आहे. शेजारचे तुम्हाला जुन्या गावाचा पिन सांगतील, मी पैज लावतो.

कागदपत्रांचं थोडंसंच सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे. आधार, बँक, वीजबिल, सगळीकडे पत्ता एकाच शब्दात, एकाच क्रमात ठेवा. घराचं नाव मराठीत सरळ असतं पण इंग्रजीत चार तऱ्हेने लिहिलं जातं, तुमचं 'सुमन' तरी सोपं, 'श्रमसाफल्य'वाल्यांचे हाल मी बघितलेत, एकाच घरात तीन स्पेलिंगं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'घर नंबर' च्या चौकटीत लाल चांदणी असते, रिकामी सोडता येत नाही, तिथे 'प्लॉट १७, सुमन बंगला' असं दोन्ही टाका. आणि नंबर आधी, नाव नंतर. याला कारण आहे. काही कंपन्यांच्या लेबलावर ओळ ठरावीक अक्षरांनंतर कापली जाते, खिडकीच्या पाकिटात तर शेवटची ओळ कागद सरकला की आत लपते. कापलं गेलं तर 'बंगला' कापला जाऊ दे, १७ राहू दे. हातानं लिहिलेल्या पाकिटावर मात्र नाव आधी लिहा खुशाल, वडिलांना तेवढंच बरं वाटेल, आमचं काही बिघडत नाही.

कायद्याची नोटीस वगैरे आली तर? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये कलम २७ आहे, त्यात नीट पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलेला कागद पोचला असं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यातला 'नीट पत्ता' हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट पत्ता लिहून काही फायदा होईल असं कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो नाद सोडा, 'अपूर्ण पत्ता' शेरा मारून कागद परत गेला की तुम्हाला काही कळतच नाही, आणि दुसरीकडून प्रकरण पुढे सरकत राहतं. आता २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं, त्यामुळे असली टपालही स्पीड पोस्टाने येणार, म्हणजे बदली माणूस असला तरी त्याच्यावर वेळेची घाई आहेच, तो तुमची पाटी शोधत थांबणार नाही.

हल्ली कुणीतरी सांगेल की डिजिपिन लिहा, बाकी काही नको. डिजिपिन टपाल खात्यानेच मे २०२५ मध्ये आणलाय, दहा अक्षरं-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. चांगली गोष्ट आहे, तुमच्यासारख्या नव्या प्लॉटिंगला तर फारच. पण तो जागा सांगतो, घर कुणाचं ते सांगत नाही, आणि एकावर एक मजले असतील तर सगळ्यांचा तोच. तो पत्त्याच्या आणि पिनच्या सोबतीला आहे, जागी नाही. काढून ठेवा, मोबाईलमध्ये सेव्ह करा, कुरियरवाल्याला पाठवा.

तर तुम्ही करायचं काय, परत एकदा एका जागी सांगतो. गेटच्या खांबावर १७ मोठा रंगवा, रस्त्यावरून दिसेल असा, ग्रॅनाईटच्या काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं असतील तर ती फोटोत छान दिसतात पण दुपारी उन्हात काही वाचता येत नाही, हे माझं जुनं भांडण आहे. 'सुमन' ची पाटी हवी तेवढी मोठी करा, पण १७ वेगळा. गेटला पत्रपेटी लावा, झाकणाची, नाहीतर पावसात लगदा होतो. मग एक साधा कागद घ्या, पोस्टमास्तरांच्या नावाने लिहा की अमुक कॉलनीत प्लॉट १७ वर आमचं घर आहे, नाव 'सुमन', घरात राहणाऱ्यांची नावं ही, फोन हा. त्यासाठी वेगळा फॉर्म शोधत बसू नका. आमच्या ऑफिसात असे कागद मी बीटच्या खणाशेजारी चिकटवून ठेवायचो, बदलीच्या माणसाला तेवढाच आधार. आणि तुमच्या बीटच्या पोस्टमनला वास्तुशांतीला बोलवा. गंमत नाही करत, खरंच बोलवा, तो एकदा आत येऊन जेवून गेला की तुमचं 'सुमन' त्याच्या डोक्यात कायमचं.

पत्ता मग असा होईल. पहिली ओळ तुमचं नाव. दुसरी, 'सुमन' बंगला, प्लॉट नं. १७. तिसरी, कॉलनीचं नाव आणि पाण्याची टाकी की देऊळ जे असेल ते. चौथी, मु. अमुक, पो. तमुक. पाचवी, ता. कराड, जि. सातारा, आणि पोस्टात विचारून आणलेला पिन. फोन नंबर खाली. गट नंबर कुठेही नाही.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर वडिलांचं समाधान होईल असा एक प्रयोग सांगतो. पुण्या-मुंबईला कुणी नातेवाईक असेल त्यांना दोन पोस्टकार्डं टाकायला सांगा, एकाच दिवशी, एकाच पेटीत. एकावर नुसतं 'सुमन' आणि गाव-पिन, दुसऱ्यावर वरचा पूर्ण पत्ता. दोन्ही कार्डं किती तारखेला येतात ते लिहून ठेवा. फक्त पोस्टमनला जेवायला बोलवायच्या आधी करा हे, नंतर केलंत तर दोन्ही एकाच दिवशी येतील आणि मेहुणे जिंकतील.